‘लाइन’ कुठून आली? शब्दाचं मूळ शोधायला नव्यानं बसणाऱ्यांसाठी

पुण्यात बांधकाम कुठं ना कुठं चालूच असतं. पुढच्या वेळी विटांचं काम दिसलं की दोन मिनिटं थांबा. गवंडी भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक वीट बसवतो, दोन्हींना दोरा गुंडाळून ताणतो आणि मधल्या सगळ्या विटा त्या दोऱ्याला धरून लावत जातो. मध्येच तो दोरा बोटानं उचलून सोडतो. दोरा थरथरतो, स्थिर होतो, मग पुढची वीट. या दोऱ्याला तो ‘लाइनदोरी’ म्हणतो. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात याच नावानं त्याची गुंडी मिळते.

शब्दांची व्युत्पत्ती कशी शोधायची, असं मला कुणी विचारलं की मी या लाइनदोरीपासून सुरुवात करते. कारण ‘लाइन’ हा शब्द मुळात दोरीच होता. रेघ, रांग, तार, वस्ती, धंदा हे सगळे अर्थ मागाहून आले. गवंड्याच्या तोंडी एकच वस्तू दोन भाषांत शेजारी शेजारी उभी आहे. ती तशी का उभी आहे, हे स्वतः शोधून काढायचं असेल तर पुढच्या क्रमानं जा. याला पदवी लागत नाही. कोरे कागद, पेन्सिल आणि सवड एवढं पुरतं.

पहिली पायरी: ऐका आणि चिठ्ठी करा

कोश उघडायची घाई करू नका. आधी आठवडाभर नुसतं ऐका. शब्द कानावर पडला की एक चिठ्ठी करायची. तिच्यावर चार गोष्टी हव्यात: पूर्ण वाक्य जसंच्या तसं, बोलणारा काय काम करतो, ठिकाण आणि तारीख. बोलणाऱ्याचं नाव लिहू नका, त्याची गरज नसते. एका चिठ्ठीवर एकच वाक्य. इथं नवखे लोक आळस करतात, एका पानावर दहा वाक्यं उतरवतात आणि पुढं ती वेगळी काढता येत नाहीत.

चिठ्ठी ही मामुली गोष्ट नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं, ते अशाच चिठ्ठ्यांवर उभं आहे. सुमारे १ कोटी चिठ्ठ्या तिथं कपाटांमध्ये लावलेल्या आहेत. इंग्रजीचा ऑक्सफर्डचा मोठा कोशही असाच झाला: वाचकांनी टपालानं पाठवलेल्या चिठ्ठ्या, १८८४ साली पहिला भाग छापून आला आणि १९२८ साली काम पुरं झालं. आपण त्याच पद्धतीनं चपलेच्या खोक्यात काम करणार आहोत.

माझ्या खोक्यातल्या काही चिठ्ठ्या अशा:

‘लाइनीत या, मध्ये घुसू नका.’ 
‘दोन लाइनी लिहून दे, सही मी करतो.’ 
‘लाइन गेलीय, मोटर बंद पडली.’ हे मुळशीकडच्या एका शेतकऱ्याचं. 
‘माझं सगळं लहानपण पोलीस लाइनीत गेलं.’ 
‘या लाइनीत आता पैसा राहिला नाही.’ फॅब्रिकेशनवाला. 
‘ती लाइन देतेय असं त्याला उगाच वाटतं.’ कॉलेजच्या कट्ट्यावर. 
‘पोराला जरा लाइनीवर आणा.’ 
‘अठरा लाइनचं बटण शर्टाला, कोटाला मोठं लागतं.’ 

आणि मला सगळ्यांत आवडलेली चिठ्ठी एका शिंप्याच्या दुकानातली. एका बाईंना त्यानं विचारलं, ‘ब्लाउजला लायनिंग लावायचं ना?’ लगेच मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, ‘तुमचा तो लायनिंगचा शर्ट झालाय.’ पहिलं लायनिंग म्हणजे अस्तर. दुसरं म्हणजे रेघारेघांचं कापड. त्याला स्वतःला काही अडलं नाही, गिऱ्हाइकांनाही नाही. ही चिठ्ठी बाजूला ठेवा, तिच्याकडं परत यायचंय.

दुसरी पायरी: ढीग करा, मग पूल शोधा

पंचवीस-तीस चिठ्ठ्या जमल्या की जमिनीवर पसरा आणि अर्थाप्रमाणं ढीग करा. रेघ आणि लिहिलेली ओळ. माणसांची रांग. तार, नळ, रूळ, म्हणजे लांबवर जाणारं काहीही. वस्ती. धंदा. प्रेमाचा इशारा. माप.

‘यातला खरा अर्थ कोणता?’ हा प्रश्न इथं विचारू नका. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कळला तो प्रत्येक अर्थ खराच. विचारायचं ते हे, की या ढिगातून त्या ढिगात जायला पूल कोणता?

वस्तीचंच बघा. सैन्याच्या तळावर तंबू किंवा बराकी सरळ ओळींनी बांधत. त्या ओळींना इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणत. मग त्या जागेलाच ते नाव पडलं. मुंबईचं मरीन लाइन्स, नागपूरचं सिव्हिल लाइन्स ही नावं त्यातूनच आली. पुण्यात छावणी होती, त्यामुळं हा अर्थ इथं पाहुणा राहिला नाही. पोलिसांच्या चाळीवजा घरांना ‘पोलीस लाइन’ म्हणतात ते यामुळंच. पूल सापडला: ओळ, ओळीतली घरं, ती वस्ती.

विजेचा पूल आणखी छान आहे. तार म्हणजे लाइन, तारेतून येणारी वीजही लाइन. ‘लाइन गेली’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढं तार तुटलेली नसते, तार जागच्या जागी असते. भांड्याचं नाव आतल्या वस्तूला जावं तसं हे झालं. आपण ‘दोन वाट्या खाल्ल्या’ म्हणतो तेव्हा वाटी खात नाही.

धंद्याचा अर्थ कुठल्या पुलावरून आला, हे इतकं सरळ सांगता येत नाही. कपाळावरच्या किंवा हातावरच्या रेषेशी तो जोडणारे मला भेटलेत, पण ते ऐकू नका.

तिसरी पायरी: कोश योग्य क्रमानं उघडा

आता कोश. मराठीसाठी मी तीन सांगेन, याच क्रमानं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. दुसरीच वापरा. इंग्रजी शिक्षण घरोघर पोचण्याआधीची मराठी तिच्यात आहे, त्यामुळं एखाद्या गोष्टीला इंग्रजी शब्द येण्याआधी लोक काय म्हणत हे तिथं सापडतं. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात हा कोश फुकट शोधता येतो.

दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, पुण्यातच तयार झालेला, १९३२ ते १९३८ या काळातले सात विभाग. यात नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती असते: सं., प्रा., इं., फा., पो. ही अक्षरं संस्कृत, प्राकृत, इंग्रजी, फारसी, पोर्तुगीज दाखवतात. नवखा माणूस अर्थ वाचून थांबतो आणि तो कंस सुटतो. तुम्ही आधी कंस वाचा.

तिसरा कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश. हा शेवटी बघायचा, कारण तो निष्कर्ष देतो. आपण आधी स्वतः विचार केलेला असला की त्याच्याशी मनातल्या मनात वाद घालता येतो. कोशकारही चुकतात, आणि ती चूक दिसायला लागली की आपण शिकायला लागलो म्हणून समजा.

मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात हे कोश बसून बघायला मिळतात. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून आहे. पडद्यावर शोधलेला शब्द एकटा येतो. छापील कोशात त्याचे शेजारी दिसतात आणि निम्मे शोध त्या शेजाऱ्यांमुळं लागतात.

चौथी पायरी: परक्या शब्दाला त्याच्या गावापर्यंत सोडून या

‘लाइन’ इंग्रजीतून आला, एवढ्यावर थांबू नका. इंग्रजीत कुठून आला?

जुन्या इंग्रजीत ‘लीने’ असा शब्द होता, अर्थ दोर. जहाजाचा दोर, मासे धरायची दोरी. फ्रेंचमधून आलेला ‘लिन्य’ त्याला येऊन मिळाला. दोघांचं मूळ लॅटिनमधलं ‘लीनेआ’: तागाचा दोरा, ताणलेली दोरी. आणि ‘लीनेआ’ आला ‘लीनुम’वरून. लीनुम म्हणजे ज्या झाडाच्या सालीतल्या धाग्यापासून लिननचं कापड होतं ते झाड.

‘ताग’ म्हटलं की आपल्याला गोणपाट आठवतं, पण हे झाड ते नव्हे. हे झाड तुमच्या स्वयंपाकघरात आहे. ते जवस आहे, अळशी. युरोपात त्याचा धागा मुख्य, आपल्याकडं त्याचं बी. जेवताना जवसाची चटणी वाढून घेता ना? त्याच झाडाच्या देठातला दोरा रोमन कामगारांनी दोन खुंट्यांमध्ये ताणला, तो सरळ उभा राहिला आणि त्या सरळपणालाच दोऱ्याचं नाव पडलं. दोरा काढून घेतला तरी जमिनीवर खूण उरते. ती खूण म्हणजे रेघ. इथून पुढं सगळे अर्थ सुटतात. आपल्या गवंड्याची लाइनदोरी त्या पहिल्या अर्थाच्या सर्वांत जवळ आहे.

आता शिंप्याची चिठ्ठी काढा. अस्तर म्हणजे ‘लायनिंग’, कारण कपड्याला आतून लिनन लावत. तो शब्द कापडाकडून आला. रेघांचं ‘लायनिंग’ आलं दोऱ्याकडून. एकाच झाडापासून दोन वाटा निघाल्या आणि शिंप्याच्या काउंटरवर येऊन भेटल्या. ही चिठ्ठी जुळली तेव्हा मला फार आनंद झाला होता. तुम्हालाही असं काही सापडेल, आणि सापडलं की त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

त्या कुटुंबात आणखीही माणसं आहेत. लिनोलियम हे जवसाच्या तेलापासून केलेलं फरशीवरचं आच्छादन, ‘ओलियम’ म्हणजे तेल. छापखान्यातला ‘लायनो’ म्हणजे एका दमात अख्खी ओळ ओतणारं यंत्र, १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात पहिल्यांदा चाललं. ‘लाइफलाइन’ बुडणाऱ्याकडं टाकायची दोरी, आता लोकल गाड्यांना म्हणतात. ‘डेडलाइन’ची गोष्ट मात्र वाईट आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, कैद्यांच्या छावणीत एक हद्द आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. तिचं हे नाव. वर्तमानपत्रांच्या वेळेची मुदत हा अर्थ विसाव्या शतकातला. हे कळल्यापासून मी शक्यतो ‘मुदत’च म्हणते.

पाचवी पायरी: सारखे दिसणारे सगळे नातेवाईक नसतात

सर्वांत जास्त पाय घसरतात ते इथं. तीन चकवे सांगते.

संस्कृत ‘लीन’ आणि जुनं इंग्रजी ‘लीने’. ऐकायला जवळजवळ एक. पण ‘लीन’ आला ‘ली’ या धातूवरून, चिकटणं, विरघळणं, त्यातूनच विलीन, तल्लीन. ‘दोरी एका रेषेत लीन होते’ असं सांगणारा कुणी भेटला तर नम्रपणे पुढं जा.

‘लेन’ आणि ‘लाइन’. कोरेगाव पार्कातल्या गल्ल्यांना ‘लेन’ म्हणतात, काही जण बोलताना ‘लाइन नंबर पाच’ म्हणून जातात. ‘लेन’ म्हणजे चिंचोळी वाट, तो जुन्या इंग्रजीतला स्वतंत्र शब्द आहे. दोरीशी त्याचा संबंध नाही.

तिसऱ्या चकव्यात मी स्वतः काही वर्षं अडकले होते. जवसाचं शास्त्रीय नाव लिनम युसिटॅटिसिमम, अर्थ ‘सर्वांत उपयोगाचं जवस’. हे नाव १७५३ साली देणारा शास्त्रज्ञ लिनियस. लिनम, लिनियस! मी त्याचं आडनाव जवसावरून आलं असं धरून चालले. प्रत्यक्षात त्याच्या वडिलांनी ते घराजवळच्या एका मोठ्या लिंडेन वृक्षावरून घेतलं होतं. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते: अक्षरं जुळली तरी मधला टप्पा दाखवणारी नोंद सापडेपर्यंत चिठ्ठीवर पेन्सिलीनंच लिहायचं. पेन नाही.

सहावी पायरी: आता घरी या

परका शब्द शोधण्यातला खरा लाभ परतीच्या वाटेवर मिळतो. ‘लाइन’ला मराठीत काय म्हणतात? ओळ, रांग, रेघ, पंगत. प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे आणि प्रत्येकात वेगळी वस्तू दडलेली आहे.

‘रेघ’ संस्कृत ‘रेखा’वरून. ‘रेखा’ आणि ‘लेखा’ हे जोडशब्द, मुळात अर्थ ओरखडा. इंग्रज दोरी ताणून रेघेपर्यंत पोचला, आपण खरवडून पोचलो. ‘लिहिणं’ही त्याच ओरखड्याच्या घरातलं.

‘पंगत’ आली ‘पंक्ती’वरून, आणि ‘पंक्ती’ आला पाच या आकड्यावरून. वेदांतला पंक्ती छंद पाच चरणांचा असतो. पाचांचा गट, मग रांग, मग जेवायला बसलेल्यांची रांग. पंगतीला वाढताना आपण पाचापर्यंत मोजत नाही, पण शब्द मोजतो.

‘ओळ’कडं मात्र थांबून बघा, कारण ती तुम्हाला पुण्याच्या पेठांत घेऊन जाते. संस्कृतात ‘आली’ म्हणजे ओळ. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात एक छोटं सूत्र आहे: ‘आली’चा अर्थ पंक्ती असेल तेव्हा ‘आ’चा ‘ओ’ होतो. म्हणजे ‘ओली’. त्याची आपली ‘ओळ’. आणि जिथं ‘आ’ टिकून राहिला तिथं? ‘आळी’. बोहरी आळी, शिंपी आळी, कासार आळी. घरांची ओळ ती आळी.

आता दुसऱ्या पायरीवरची पोलीस लाइन आठवा. ओळ, ओळीतली घरं, ती वस्ती. इंग्रजी शब्द छावणीत ज्या वाटेनं गेला, त्याच वाटेनं मराठी शब्द पेठेत कधीच जाऊन बसला होता. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. माणसं घरं ओळीत बांधतात आणि ओळीचं नाव घरांना देतात, रास्ता पेठेपलीकडच्या छावणीतही आणि अलीकडच्या पेठांतही. याच गोतावळ्यात ‘आवली’ आहे: दिव्यांची आवली ती दिवाळी, रंगांची आवली ती रांगोळी.

हेमचंद्राचं आणखी एक सूत्र जाता जाता सांगते. ‘अतसी’ आणि ‘सातवाहन’ या दोन शब्दांत ‘त’चा ‘ल’ होतो. ‘अतसी’ची ‘अलसी’ झाली, ती आपली अळशी. सातवाहनाचा सालवाहन झाला, तो आपला शालिवाहन. चटणीतली अळशी आणि पंचांगातला शक एकाच सूत्रात शेजारी बसलेत.

सूत्र! त्याच्याशिवाय हे पुरं होत नाही. ‘सूत्र’ म्हणजे दोरा, तो झाला ‘सूत’. दोरा ताणून लाकडावर रेघ मारणारा तो सूत्रधार, त्याचा झाला ‘सुतार’. सुतार अजूनही रंगात बुडवलेला दोरा फळीवर ताणून टपकन सोडतो आणि सरळ रेघ उमटते. त्याच्या मापातही सूत आहे: इंचाचे आठ सूत. तिकडं इंग्रजी मापात ‘लाइन’ म्हणजे इंचाचा बारावा भाग होता, आणि बटणांच्या मापात इंचाच्या ४० लाइन, म्हणून अठरा लाइनचं बटण साधारण साडेअकरा मिलिमीटरचं. दोन्हीकडं दोऱ्याचंच माप झालं. ‘सरळसूत माणूस’ आणि ‘पोराला लाइनीवर आणा’ यांच्यात भाषा वेगळी आहे, ताणलेला दोरा तोच. सूत जुळण्याबद्दल आणि लाइन देण्याबद्दल तर वेगळं सांगायला नको.

सातवी पायरी: शब्द मराठी झाला का, ते तपासा

बाहेरचा शब्द आपला झाला हे ठरवायची सोपी कसोटी आहे. त्याला विभक्ती लावून बघा. ‘लाइनमध्ये’ म्हणतो तोवर तो पाहुणा. ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’, ‘लाइनी’ म्हटलं की त्यानं मराठी सामान्यरूप आणि अनेकवचन घेतलं, तो घरचा झाला. चिठ्ठ्यांमध्ये ही दोन्ही रूपं कोणाच्या तोंडी येतात ते मोजा. माझ्या खोक्यात ‘लाइनीत’ म्हणणारे जास्त करून हातानं काम करणारे निघाले आणि ‘लाइनमध्ये’ म्हणणारे कचेऱ्यांतले.

लिंगही बघा. इंग्रजीला तिथं लिंग नाही, मराठीनं ते स्त्रीलिंगी केलं. ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी, तार, सगळ्या स्त्रीलिंगी आहेत. नवी आलेली त्यांच्यातच बसवली, असं मला वाटतं.

सरावासाठी पुढचा शब्द ‘क्यू’ घ्या. सुरुवात करून देते: लॅटिन ‘काउदा’, म्हणजे शेपूट, फ्रेंचमधून इंग्रजीत. आपणही ‘रांगेचं शेपूट पार कोपऱ्यापर्यंत गेलंय’ म्हणतो, त्याच्या चिठ्ठ्या जमवा. मग ‘लाइन क्लिअर’ घ्या. पुढच्या स्टेशनानं मागच्या स्टेशनाला गाडी सोडायची दिलेली परवानगी, हा रेल्वेतला अर्थ. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली, तेव्हा रेल्वेची बोली या गावात मुरायला भरपूर वेळ मिळालाय. घोरपडीला किंवा खडकीला एखादे निवृत्त स्टेशन मास्तर ओळखीचे असतील तर त्यांच्याकडं चहाला जा, खिशात कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा, आणि ते बोलायला लागले की मध्ये बोलू नका.